सज्ञान मुलांच्या विश्वासाचा जाब आईबापांना का?

नारायण वामन टिळकांचं प्राथमिक शिक्षण कल्याणात झालं, १८६९ ते १८७३ या काळात. कल्याणकरांना हे सहसा ठाऊक नसतं. आम्हा मराठी ख्रिस्ती लोकांनाही टिळक म्हटलं की नगर, राहुरी, सातारा आठवतं, कल्याण नाही. १८७३ मध्ये त्यांची आई जानकीबाई वारली. वडील वामनराव तापट. आई गेल्यावर त्या घरात मुलाचा जीव रमावा असं काही उरलं नाही आणि अकरा-बारा वर्षांचा नारायण नाशिकला निघून गेला. पुढे १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्याने मुंबईत बाप्तिस्मा घेतला. आज आमच्या ‘उपासना संगीता’तून त्याची गीतं काढली तर आमचा रविवार सुना होईल.

टिळकांची थोरवी सांगण्यासाठी मी हे लिहीत नाही. मला आमच्या मंडळीला एक आठवण करून द्यायची आहे. महाराष्ट्रातली आमची मंडळी उभी राहिली ती कोणाच्या तरी सज्ञान मुलाने आईबापांच्या धर्मापेक्षा वेगळा निर्णय घेतला म्हणून. बेळगावचे बाबा पदमनजी १८५४ मध्ये ख्रिस्ती झाले. नीलकंठशास्त्री गोरे काशीत वाढले आणि १८४८ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. या प्रत्येकाच्या मागे एक घर होतं, आणि त्या घरात रडणारे आईबाप होते. आम्ही त्या मुलांची चरित्रं वाचतो, पण त्या आईबापांबद्दल कोणी बोलत नाही.

माझे पणजोबा राहुरीकडचे. त्यांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्यांच्या वडिलांनी भावकीसमोर सांगितलं की हा आमच्यापुरता मेला. उठणंबसणं बंद झालं. पण त्यांची आई सुगीच्या दिवसांत दिवेलागणीच्या आधी बांधावर फडक्यात भाकरी ठेवून जायची. वर कांदा आणि मिरचीचा ठेचा. मुलाशी ती बोलायची नाही, कारण नवऱ्याने बोलायचं नाही म्हणून बजावलेलं होतं. ही हकिकत मला आजोबांनी सांगितली. ते तेव्हा लहान होते आणि बांधावरची भाकरी उचलून आणायचं काम त्यांच्याकडे होतं. आमच्या कुळातली पहिली ख्रिस्ती पिढी एका हिंदू आईच्या भाकरीवर जगली. त्या माउलीला मुलाचा नवा देव मान्य नव्हता. तो तिला शेवटपर्यंत मान्य झाला नाही. तरी भाकरी थांबली नाही.

त्या काळी धर्म सोडला की वारसाही जायचा. १८५० च्या एकविसाव्या कायद्याने ते थांबवलं. धर्म बदलला म्हणून कोणाचा वारसाहक्क काढून घेता येणार नाही, असं ठरलं. आमच्या पूर्वजांना त्या कायद्याचा आधार होता. आणि आज त्यांचेच नातू-पणतू असलेले आम्ही, आमची मुलं उपासनेला यायची थांबली, किंवा त्यांनी मंडळीबाहेर लग्न केलं, की अगदी त्या भावकीसारखे वागतो. याबद्दल मला बोलायचं आहे.

मी मध्य रेल्वेत मालगाडीचा गार्ड होतो. नोकरीची बहुतेक वर्षं कल्याणातून ड्यूटी केली. आता डोंबिवली पूर्वेला राहतो. माझी बायको सरकारी इस्पितळात नर्स होती. आम्हाला दोन मुलं. थोरला ठाण्याला घोडबंदर रोडवर राहतो, संगणकाच्या कंपनीत आहे, आणि गेली काही वर्षं चर्चला येत नाही. धाकटीने तिच्याबरोबर शिकलेल्या एका हिंदू मुलाशी लग्न केलं. दोघंही कष्टाळू आहेत, आमची विचारपूस करतात, सुनेचं आणि जावयाचं आमच्याशी उत्तम जमतं. डोंबिवलीत हे सांगितलं तर लोक म्हणतात, काका, मग अडचण काय आहे? अडचण अशी आहे की मी ख्रिस्तावर खरोखर विश्वास ठेवतो. तो माझा तारणारा आहे असं मी मानतो, आणि जे मला मिळालं ते माझ्या मुलांकडे नाही याचं मला दुःख होतं. ते दुःख मी लपवत नाही आणि ‘सगळे देव सारखेच’ असं म्हणून ते पातळही करत नाही. सज्ञान मुलांशी धीराने वागा, असं मी जे म्हणतो ते हे दुःख असतानाच म्हणतो. ज्याला दुःखच नाही त्याला धीर धरण्याचं कारणच काय?

शेजारच्या घरातले काका दीड दिवसाचा गणपती बसवतात. मुलगा टोरांटोला. यंदा आरतीच्या वेळी काका मला म्हणाले, माझ्यानंतर हे कोण करणार? म्हणजे ही काळजी फक्त चर्चमधल्या बाकांवर बसलेली नाही. या पट्ट्यात ठाण्याच्या तलावपाळीजवळच्या सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्चमध्ये जाणारी कॅथलिक घरं आहेत, नोकरीसाठी केरळहून आलेली आणि इथेच रुजलेली मल्याळी घरं आहेत. ती इतकी आहेत की १९८८ मध्ये सिरो-मलबार पंथाचा कल्याण नावाचा वेगळा धर्मप्रांतच झाला. आणि नगर-जालन्याकडून रेल्वेच्या, मिशनच्या, सरकारी नोकऱ्यांच्या निमित्ताने आलेले आमच्यासारखे मराठी प्रॉटेस्टंट आहेत. तिन्ही घरांत रविवारी सकाळी एक खुर्ची रिकामी असते.

मुलं का दुरावतात याची कारणं फार खोल असतात असं नाही. सहा दिवस सातच्या गाडीला लटकून जाणाऱ्या माणसाला रविवारी झोप हवी असते. इंग्रजी माध्यमात शिकलेल्या पोरांना आमच्या गीतांमधलं मराठी अडतं. काहींना प्रामाणिक शंका असतात आणि त्या विचारायची जागा मंडळीत सापडत नाही. यातली प्रत्येक गोष्ट बसून बोलण्यासारखी आहे. पण आपण बोलत नाही, आपण टोमणे मारतो. आणि त्यासाठी सर्वांत पवित्र गोष्ट वापरतो, ती म्हणजे प्रार्थना.

हे मी कितीतरी घरांत पाहिलं आहे. रात्रीची जेवणं उरकली, कुटुंबाची उपासना सुरू झाली. पस्तिशीतला मुलगा सुट्टीला घरी आलेला, मान खाली घालून आदराने बसलेला. आणि वडील डोळे मिटून म्हणतात, हे प्रभू, ज्यांना तू भरभरून दिलंस आणि जे तुला विसरले, त्यांची अंतःकरणं मऊ कर. खोलीत चार माणसं असतात. तीन जण उपासनेला नेमाने जाणारे. कोणाबद्दल चाललंय हे देवाला कळतं तसं मुलालाही कळतं. तो काही बोलत नाही, ‘आमेन’ म्हणतो, आणि पुढच्या वेळी उपासना संपल्यावर पोचेल अशा बेताने ट्रेन पकडतो. आईबापांना वाटतं, आपण मुलासाठी प्रार्थना केली. मला विचाराल तर ती प्रार्थना नव्हती. देवाकडे तोंड करून मुलाला सुनावलेले ते बोल होते. मुलासाठी जे मागायचं ते एकांतात, त्याच्या माघारी, दार लावून मागावं. येशूने तरी प्रार्थना कुठे करायची म्हणून सांगितलं, ते प्रत्येक ख्रिस्ती माणसाला पाठ असतं. मुलांसमोर करायच्या प्रार्थनेत आभार असावेत. त्यांच्या नोकरीबद्दल, नातवाच्या पहिल्या दाताबद्दल, त्यांनी बिल भरून आणलेल्या औषधांबद्दल.

तेच सकाळी साडेपाचला व्हॉट्सॲपवर जाणाऱ्या वचनांचं. सूर्योदयाचं चित्र, खाली शास्त्रवचन. रोज. मुलगा ते न उघडता पुसतो. एखाद्या दिवशी वडिलांना खरंच छातीत दुखत असेल आणि त्यांनी संदेश पाठवला, तर तोही तसाच पुसला जाईल अशी मला भीती वाटते.

लूकच्या पंधराव्या अध्यायावर आमच्याकडे जितके उपदेश झाले असतील तितके क्वचितच दुसऱ्या कशावर झाले असतील. पण उपदेशात येतो तो उधळ्या पुत्र, डुकरांच्या शेंगा, आणि शेवटी मेजवानी. बापाच्या वाट्याला आलेल्या मधल्या वर्षांवर मी एकही उपदेश ऐकलेला नाही. खरं तर त्या अध्यायात येशूने तीन दृष्टांत लागोपाठ सांगितले आहेत. मेंढरू हरवतं तेव्हा मेंढपाळ बाकीची सोडून रानात जातो. नाणं हरवतं तेव्हा बाई दिवा लावून घर झाडते. तिसऱ्या वेळी हरवतो तो मुलगा, आणि त्याला शोधायला कोणीच जात नाही. बापाकडे गडीमाणसं होती, पैसा होता, मुलगा कुठल्या देशात गेला हे कळणं अवघड नव्हतं. तरी तो जात नाही. मेंढरू खांद्यावर उचलून आणता येतं, वाढलेला माणूस आणता येत नाही. बापाने दोनच गोष्टी केल्या. मागितलेली वाटणी अट न घालता दिली, आणि वाटेकडे डोळे लावले. मुलगा दूर असतानाच त्याला दिसला याचा दुसरा अर्थ होत नाही. आणि मोठा मुलगा रुसून बाहेर उभा राहिला तेव्हा म्हातारा त्याच्यासाठीही बाहेर आला. तो मोठा मुलगा आत गेला की नाही, हे येशूने सांगितलेलंच नाही. मंडळीत नेमाने बसणारे आम्ही बहुतेक जण तोच मुलगा आहोत, आणि उत्तर अजून द्यायचं आहे.

धाकटीचं लग्न ठरलं तेव्हाचं सांगतो. तिने आणि मुलाने १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली नोंदणी करायचं ठरवलं, म्हणजे दोघांपैकी कोणालाही धर्म सोडावा लागणार नाही. त्या कायद्यात लग्नाआधी नोटीस द्यावी लागते आणि ती तीस दिवस कार्यालयात लावली जाते. त्या महिन्यात आमच्याकडे माणसांची रीघ लागली. मंडळीतले दोघे-तिघे आले आणि म्हणाले, अजून वेळ आहे, तुम्ही बाप आहात, थांबवा. चहा घेऊन ते गेले. मुलगी आत खोलीत होती, तिने सगळं ऐकलं. मी तिला बाहेर बोलावून म्हणालो, बाळ, वेदीसमोर तुझं लग्न व्हावं अशी माझी फार इच्छा होती. मला वाईट वाटतंय. पण मी येणार आहे. ती म्हणाली, पप्पा, हे तुम्ही परत म्हणणार का? मी म्हणालो, नाही. त्या कायद्याने लग्नाला तीन साक्षीदार लागतात. त्यातली एक सही माझी आहे.

जे वाटतं ते एकदा स्पष्ट सांगायचं आणि मग पुन्हा काढायचं नाही. हे सोपं नाही. माझी पत्नी तर म्हणते, गिळलेला शब्द पोटात महिनाभर राहतो. पण सज्ञान मुलाला आपलं मत माहीत असतं. तो आपल्याच घरात वाढला आहे, आपण काय मानतो याची उजळणी त्याला नको असते. आपण जे मानतो त्याने आपण कसे झालो, एवढंच त्याला यापुढे बघायचं असतं. माझ्या नोकरीतलं उदाहरण देतो. कसारा ते इगतपुरी हा थळ घाट, सदतीस फुटांना एक फूट असा चढ. कसाऱ्याला गाडीच्या मागे बँकर इंजिनं लागतात. ब्रेकव्हॅनमध्ये बसलेल्या गार्डाला त्यांचा रेटा पाठीत जाणवतो. इगतपुरी आली की बँकर सुटतात आणि गाडी नाशिककडे जाते. लहानपणची प्रार्थना, संडे स्कूल, दृढीकरणाचा वर्ग, हा सगळा आमचा घाट होता आणि आम्ही मागून जीव लावून ढकललं. इगतपुरीनंतर गाडी तिच्या इंजिनावर चालते.

टिळकांच्या घरातच याचं सर्वांत बोलकं उदाहरण आहे. टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाई, त्यांचं माहेर गोखल्यांचं. त्यांच्या वडिलांचं सोवळं लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात ज्यांनी वाचलं आहे ते विसरू शकत नाहीत. बाजारातून आणलेला जिन्नससुद्धा धुवून घेतल्याशिवाय घरात येत नसे, आणि त्या धुण्यापुसण्यात घरातल्या बायका आणि मुलं पिचून गेली. बापाच्या धर्मनिष्ठेत खोट नव्हती. पण मुलीच्या वाट्याला त्या धर्मातली फक्त धास्ती आली. नंतर नवरा ख्रिस्ती झाला. लक्ष्मीबाई झाल्या नाहीत. काही काळ ती दोघं वेगळी राहिली, मग लक्ष्मीबाई परत आल्या तरी आपला आचार वेगळा सांभाळूनच. टिळक स्वभावाने उतावळे होते. एक धरलं की दुसरं सोडायचे, न सांगता घरातून निघून जायचे, बायकोने हे सगळं मोकळेपणी लिहिलं आहे. असा माणूस या एका बाबतीत थांबला. बायकोचं सोवळं त्याने आपल्या ख्रिस्ती घरात चालू दिलं. सन १९०० मध्ये लक्ष्मीबाईंनी बाप्तिस्मा घेतला, तो स्वतः विचार करून, जातिभेदाचा फोलपणा स्वतःला पटल्यावर. आणि मग तिने काय केलं बघा. टिळक १९१९ मध्ये गेले तेव्हा त्यांचं ‘ख्रिस्तायन’ सुरुवातीलाच अडलेलं होतं. ते महाकाव्य तिने पुढे लिहून पुरं केलं. शाळेचं तोंड न पाहिलेल्या बाईने.

त्यांचा मुलगा देवदत्त. आईने आठवणी लिहाव्यात म्हणून मागे लागलेला तोच. ‘स्मृतिचित्रे’चा पहिला भाग १९३४ मध्ये आला. १९३६ मध्ये लक्ष्मीबाई गेल्या तेव्हा चौथा भाग अपुरा होता, तो देवदत्तांनी पुरा केला. ज्या घरात कोणावर विश्वास लादला गेला नाही, त्या घरातला मुलगा आईवडिलांच्या विश्वासाची कथा जपायला आपणहून बसला. मात्र हे लिहिताना मला सावध राहायचं आहे. थांबलात तर मुलं परत येतीलच, असा सौदा यातून काढू नये. आमच्याकडे संत मोनिकेचं उदाहरण असंच वापरतात. तिचा मुलगा ऑगस्टीन रात्रीत तिला चुकवून जहाजाने रोमला गेला, ती मागोमाग मिलानला पोचली, वर्षानुवर्षं रडली, आणि ३८७ साली त्याचा बाप्तिस्मा झाला. खरं आहे. पण ज्या आयांचे मुलगे परत आले नाहीत त्यांची चरित्रं कोणी लिहिली नाहीत, आणि त्यांचे अश्रू मोनिकेपेक्षा कमी नव्हते. धीर धरायचा तो फळ मिळेल म्हणून नव्हे. देव आपल्याशी तसाच वागत आला आहे म्हणून.

गेल्या पुनरुत्थानाच्या रविवारी थोरला आईला सोडायला चर्चला आला आणि तिचं गुडघ्याचं दुखणं आहे म्हणून शेवटच्या बाकावर बसून राहिला. प्रभुभोजनाची वेळ आली. बाकांमागून बाकं उठली. तो उठला नाही. बाजूच्यांनी वळून पाहिलं, एकाने खांद्याला हात लावून खुणावलं. त्याने हसून मान हलवली आणि बसूनच राहिला. घरी येताना रिक्षात त्याची आई गप्प होती. तो म्हणाला, मम्मी, मी मानत नाही आणि तरी घेतलं असतं तर ते खोटं झालं असतं ना? करिंथकरांच्या पहिल्या पत्रात पौलाने अयोग्य रीतीने भाकर खाणाऱ्यांना केवढा कडक इशारा दिला आहे. सवयीने उठणाऱ्या आम्हा कित्येकांपेक्षा त्या मेजाचा मान माझ्या न मानणाऱ्या मुलाने जास्त राखला असं मला वाटलं, आणि मी त्याला तसं सांगितलं. हा खरेपणा त्याने कुठून घेतला? आमच्याच घरातून, आमच्याच संडे स्कूलमधून. तो देवाच्या हिशेबात नाही, असं मी कसं म्हणू?

आता एक नाजूक गोष्ट. मुलांच्या आत्म्याची काळजी म्हणून आपण जे बोलतो त्यात पुष्कळदा आपल्या म्हातारपणाची धास्ती मिसळलेली असते. माझ्या मातीला कोण उभं राहील? कोण गीतं म्हणेल? मुलगी दुसऱ्या घरी, मुलगा मानत नाही, मग माझी पेटी उचलताना प्रार्थना तरी नीट होईल का? ही भीती मला रात्री जागवते, आणि माझ्या वयाच्या प्रत्येक ख्रिस्ती माणसाला जागवत असणार. पण ती मुलांच्या तारणाच्या नावाने त्यांच्या गळ्यात मारू नये. ती भीती म्हणूनच सांगावी. मी सांगितली. जावई ऐकत होता. दोन दिवसांनी त्याने वही आणून समोर ठेवली. म्हणाला, पप्पा, तुमच्याकडे काय काय करतात ते लिहून द्या, मला काही माहीत नाही, ऐन वेळी चुकायला नको. मी लिहून दिलं. पाळकसाहेबांना कधी फोन करायचा, कोणती तीन गीतं, पेटीवर काय ठेवायचं, दगडावर कोणतं वचन. त्याने खाली विचारलं, सुतक पाळतात का? मी लिहिलं, नाही, पण तुमच्या आईंना पाळावंसं वाटलं तर पाळू द्या.

फ्लॅटचंही तसंच. आम्हा ख्रिस्ती लोकांना १९२५ चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागतो. मृत्युपत्र न करता गेलो तर एक तृतीयांश पत्नीला, उरलेलं मुलांना सारखं, मुलगा-मुलगी भेद नाही. मृत्युपत्र मात्र हवं तसं करता येतं, आणि तिथेच मोह होतो. चर्चला येईल त्याला फ्लॅट, अशी वाक्यं मी ऐकली आहेत. त्यांना माझं एवढंच सांगणं आहे की धर्मासाठी वारसा गमावण्याची वेळ ज्यांच्या पूर्वजांवर आली होती, त्यांनी तरी वारशाचा लगाम करू नये. तशा रीतीने जो चर्चला येईल तो डोंबिवलीतल्या सहाशे चौरस फुटांसाठी येईल.

मंडळीची गोष्ट शेवटी काढतोय, कारण तिथे जे चाललं आहे त्याने आईबापांना धीर धरणं आणखी कठीण होतं. आमच्या मंडळीत एका सज्जनांनी वर्षानुवर्षं हिशेब सांभाळला. एका पैशाचा घोळ नाही. पंचांच्या निवडीत त्यांचं नाव सुचवलं तेव्हा हरकत आली, मुलगा देव मानत नाही म्हणून. आधार दिला तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राचा. ज्याला स्वतःचं घर चालवता येत नाही तो मंडळी काय चालवणार, अशा अर्थाचं वचन आहे ते. पण पौल तिथे घरात, बापाच्या हाताखाली असलेल्या मुलांबद्दल बोलतोय. चाळीस वर्षांचा, स्वतःचा संसार असलेला मुलगा बापाच्या घरात मोडत नाही. तीताच्या पत्राचा दाखला देणाऱ्यांनाही माझं हेच उत्तर आहे. ‘नीतिसूत्रां’चा दाखला देतात, मुलाला लहानपणी योग्य वळण लावलं तर तो म्हातारपणीही सोडणार नाही. म्हणजे सोडलं त्याच्या बापाने वळण लावलंच नाही, असं हे गणित. नीतिसूत्र हे अनुभवाचं सार असतं, हमीपत्र नसतं. यशयाच्या पुस्तकाच्या सुरुवातीलाच देव स्वतः म्हणतो की मी मुलं वाढवली आणि ती माझ्यावर उलटली. देवाच्या पालकत्वात काय उणं राहिलं, असं विचारायची कोणाची छाती आहे?

त्या गृहस्थांनी नाव मागे घेतलं. त्यांची पत्नी त्यानंतर महिला मंडळात येत नाही. एका मुलाच्या अविश्वासापायी आमच्या मंडळीने दोन विश्वासू माणसं दुखावली.

म्हणून येत्या वार्षिक सभेत मी एक ठराव मांडतो आहे. पहिली गोष्ट, कोणाही बाप्तिस्मा झालेल्या माणसाचं नाव त्याने स्वतः लेखी मागणी केल्याशिवाय मंडळीच्या नोंदवहीतून काढू नये, मग त्याने लग्न कुठेही केलेलं असो. दुसरी, पंचांच्या निवडीत उमेदवाराच्या सज्ञान मुलांचा विषय काढायचा नाही. आणि तिसरी, दुसऱ्या धर्मात लग्न झालेल्या मुलामुलींच्या घरी, त्यांनी बोलावलं तर, पाळकसाहेबांनी जावं. जेवावं, नातवंडांना जवळ घ्यावं, त्या घरची हरकत नसेल तर प्रार्थना करावी आणि निघावं. वर्गणीची पावती बरोबर नेऊ नये.

ठराव लेखी दिला आहे. अनुमोदन द्यायला एक ज्येष्ठ बाई तयार झाल्या आहेत. त्यांची दोन्ही मुलं परदेशात असतात आणि रविवारी काय करतात हे त्या त्यांना विचारत नाहीत. सभा जानेवारीत आहे.